हरताळ, मनशीळ आणि सोमल : तीन नावांत विभागलेल्या एका विषाचा इतिहास

काही वर्षांपूर्वी मालवण आणि वेंगुर्ले यांच्या दरम्यानच्या एका खेड्यात जुन्या पोथ्यांची पाहणी करण्यासाठी प्रस्तुत लेखक गेला होता. घरच्या माळ्यावरून लाल फडक्यात बांधलेले दप्तर खाली काढताना शेजारच्या एका गंजलेल्या डब्याला हात लागला. तोच घरच्या वृद्ध आजी खालून म्हणाल्या, "मास्तरांनू, तेका हात लावू नकात, विख आसा तां." डब्यात कोणे एके काळी उंदरांसाठी आणलेला सोमल होता. डबा दूर सारून आम्ही दप्तर ओटीवर आणले आणि पोथी उघडली. पानोपानी काळ्या ओळींवर पिवळ्या रंगाचे लहानमोठे पट्टे होते. चुकलेली अक्षरे लेखकाने त्यांखाली झाकली होती आणि काही ठिकाणी त्यांवरच दुरुस्त अक्षरे पुन्हा लिहिली होती. दोन तासपर्यंत बोटाला थुंकी लावून मी ती पाने उलटीत होतो. त्या पट्ट्यांना हरताळ म्हणतात हे मला ठाऊक होते. 'हरताळ फासणे' या वाक्प्रचारावर मी वर्गात अनेकदा बोललो होतो. मात्र डब्यातला पांढरा सोमल आणि पोथीवरचा पिवळा हरताळ ही एकाच धातुसदृश मूलद्रव्याची दोन रूपे आहेत, हे त्या क्षणी आजींच्या मनात आले नाही आणि माझ्याही आले नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे. आर्सेनिक या मूलद्रव्याची तीन संयुगे आपल्या लोकव्यवहारात शतकानुशतके वावरत आली. त्यांपैकी एकाला भाषेने विष म्हटले, उरलेल्या दोघांना रंग व औषध म्हटले. ही विभागणी केवळ शब्दांची राहिली नाही. ती शास्त्रग्रंथांच्या वर्गीकरणात, कायद्याच्या कलमांत आणि अखेर आपल्या अभ्यासिकांतील सवयींतही उतरली, असे या लेखकास वाटते.

प्रथम वस्तू कोणत्या ते सांगितले पाहिजे. हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांचे पिवळे संयुग होय. मनशीळ हे त्याच दोहोंचे तांबडे संयुग. सोमल म्हणजे आर्सेनिक आणि प्राणवायू यांचे पांढरे संयुग, रसायनशास्त्रात ज्यास आर्सेनिक ट्रायऑक्साइड म्हणतात ते. वजनाच्या प्रमाणात पाहिले तर शुद्ध हरताळात शेकडा ६१, मनशिळेत शेकडा ७० आणि सोमलात शेकडा ७६ इतके आर्सेनिक असते. प्रमाणातील हा फरक मोठा नाही. खरा फरक विद्राव्यतेचा आहे. सोमल पाण्यात आणि जठररसात विरघळतो. हरताळ व मनशीळ शुद्ध स्वरूपात जवळजवळ विरघळत नाहीत, आणि म्हणून पोटात गेले तरी त्यांचा बराचसा भाग तसाच बाहेर पडतो. आपल्या पूर्वजांनी हरताळास विष म्हटले नाही याला अनुभवाचा एवढा आधार निश्चित होता. परंतु बाजारात मिळणारा हरताळ क्वचितच शुद्ध असतो. त्यात सोमलाचा अंश मिसळलेला असतो. शिवाय हरताळ उघड्यावर तापविला की त्यातील गंधक जळून जातो आणि पांढरा धूर निघतो. तो धूर म्हणजेच सोमल. दीर्घकाळ प्रखर प्रकाशात राहिलेला हरताळही हळूहळू याच दिशेने जातो, असे युरोपातील जुन्या चित्रांच्या परीक्षणावरून दिसून आले आहे. तात्पर्य, पिवळ्या वस्तूतून पांढरी वस्तू निर्माण होण्यास किमयागाराची गरज नाही. चूल पुरते.

आता शब्दांकडे वळू. हरताळ हा संस्कृत 'हरिताल' शब्दाचा सरळ वंशज आहे आणि त्यातील 'हरि' म्हणजे पिवळा. मनशीळ म्हणजे 'मनःशिला'. सोमलास संस्कृत वैद्यकग्रंथांत गौरीपाषाण, फेनाश्म, शंखविष अशी नावे आढळतात आणि ती सर्व त्याच्या शुभ्रपणाकडे बोट दाखवितात. हिंदीत त्यास संखिया म्हणतात. युनानी हकिमांच्या परिभाषेत तो 'सम्मुल्फार', म्हणजे उंदराचे विष. या नावांपैकी एकही नाव पिवळ्या दगडाची आठवण करून देत नाही.

युरोपात नेमके उलट घडले. ग्रीक भाषेतील 'आर्सेनिकॉन' हे मुळात पिवळ्या हरताळाचेच नाव होते. ते इराणी भाषेतून सीरियाकमार्गे ग्रीकांकडे गेले. मूळ इराणी शब्द 'झर्नीक', अर्थ सोनेरी. ग्रीकांनी त्याचा संबंध आपल्या 'पौरुषवाचक' शब्दाशी जोडला, पण ती लोकव्युत्पत्ती होय. पुढे हेच नाव पिवळ्या खनिजावरून पांढऱ्या विषाकडे आणि तेथून मूलद्रव्याकडे सरकले. म्हणजे युरोपीय भाषांत रंगाचे नाव विषाला मिळाले आणि नाते उघड राहिले. आपल्याकडे रंगाचे नाव रंगापाशीच थांबले. गंमत अशी की या इराणी शब्दातील 'झर' आणि आपल्या 'हरि' शब्दातील 'हर' ही एकाच आर्य धातूची दोन रूपे आहेत. संस्कृत 'ह'च्या जागी इराणीत 'झ' येतो हा नियम आपल्या विद्यार्थ्यांना परिचित आहेच. जरीच्या काठातला 'जर' त्याच इराणी शाखेतून मराठीत आला. तेव्हा आर्सेनिक, हरताळ आणि जरीकाठ हे तिघे शब्द म्हणून दूरचे भाऊबंद ठरतात. आजींच्या घरी या तिन्ही वस्तू एकाच माळ्यावर होत्या.

मराठीत 'हरताळ' या उच्चाराचे दोन शब्द आहेत आणि त्यांची गल्लत वारंवार होते. दुकाने बंद ठेवण्याचा जो हरताळ, तो 'हट्ट' म्हणजे बाजार आणि 'ताला' म्हणजे कुलूप यांपासून झालेला आहे. गुजराती व हिंदी 'हडताल' हे त्याचे सख्खे भाऊ. ६ एप्रिल १९१९ रोजी रौलट कायद्याच्या निषेधार्थ देशभर जो पाळला गेला तो हा हरताळ. त्याचा खनिजाशी काहीही संबंध नाही. भाद्रपदातील हरतालिकेचाही नाही. तेथे पार्वतीला तिच्या 'आली'ने, म्हणजे सखीने, हरून नेल्याची कथा आहे. 'हरताळ पाळणे' आणि 'हरताळ फासणे' यांतील क्रियापदांकडे लक्ष दिले तरी भेद स्पष्ट होतो. पाळला जातो तो नियम, फासला जातो तो लेप. तथापि अलीकडे 'तत्त्वांना हरताळ फासला' या वाक्यातील हरताळ म्हणजे बंद, तत्त्वांचे दुकान बंद केले, असा अर्थ सांगणारे पदवीधर मला भेटले आहेत. पोथ्या लिहिणे थांबले, हरताळाची वाटी लेखनसाहित्यातून गेली आणि वाक्प्रचार पोरका झाला, याची ही साक्ष आहे.

या वाक्प्रचाराच्या अर्थातील बदलही नोंद घेण्याजोगा आहे. हस्तलिखितात हरताळ फासणे हे सत्कृत्य होते. लेखकाने आपली चूक ओळखली, ती झाकली आणि त्या जागी शुद्ध पाठ लिहिला, असा त्याचा अर्थ. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेला वाहिलेला आहे आणि आरंभापासून अखेरपर्यंत अक्षर एकसारखे असावे असा समर्थांचा कटाक्ष त्यात दिसतो. अशा काटेकोर परंपरेत खोडून गिचमिड करण्यापेक्षा पिवळा लेप देऊन पान स्वच्छ ठेवणे अधिक सभ्य मानले जाणे स्वाभाविक होते. आज मात्र हरताळ फासणे म्हणजे चांगल्या गोष्टीची धूळधाण करणे. दुरुस्तीचे साधन होते ते नासधुशीचे झाले. शब्दार्थाच्या अवनतीची उदाहरणे आपण पाठ्यपुस्तकांतून उसनी घेतो. हे घरचे उदाहरण अधिक बोलके आहे.

हरताळाचा उपयोग केवळ चूक झाकण्यासाठी नव्हता. नेपाळात कागदालाच हरताळ चोपडून पिवळी पाने तयार करीत, कारण त्यास कसर व वाळवी सहसा लागत नाही. किडा का लागत नाही, याचे उत्तर किड्याने दिलेले होते. वाचकाने ते वाचले नाही.

ही खनिजे कोकणच्या जांभ्या दगडात निघत नाहीत. ती येथे आली ती व्यापाराने, आणि बहुतांशी समुद्रमार्गे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक नाविकाच्या टिपणात भडोचच्या बंदरात उतरणाऱ्या मालात मनशीळ आहे आणि केरळातील मुझिरिसच्या बाजूला उतरणाऱ्या मालात मनशीळ व हरताळ अशी दोन्ही नावे आहेत. भडोच व मुझिरिस यांच्या मधला किनारा तो आपला. पेरिप्लसकर्ता या पट्ट्यातील बंदरांची नावे ओळीने सांगतो. १९१२ साली या ग्रंथाचे भाषांतर प्रसिद्ध करणाऱ्या शॉफ यांनी त्यांतील 'बिझांटियन' म्हणजे विजयदुर्ग, 'औरान्नोबोआस' म्हणजे मालवण आणि 'सेसेक्रिएनाई' बेटे म्हणजे वेंगुर्ल्याचे खडक असावेत असे सुचविले. या समीकरणांविषयी मतभेद आहेत आणि ते राहणारच. नुसत्या ध्वनिसाम्यावर बंदरे ओळखण्याची घाई भाषाशास्त्रज्ञाने करू नये. पण एवढे खरे की पिवळे व तांबडे आर्सेनिक घेऊन दक्षिणेकडे जाणारी गलबते या किनाऱ्यासमोरून जात होती. नंतरच्या काळात चीनच्या युन्नान प्रांतातून ब्रह्मदेशामार्गे येणाऱ्या हरताळाने हिंदुस्थानचा बाजार व्यापला. गलबताच्या यादीत हा माल रंगद्रव्य म्हणून चढे, गंध्याच्या दुकानात औषधी म्हणून उतरे.

संस्कृत वाङ्मयात तर तो मंगलद्रव्य म्हणून आला आहे. कुमारसंभवाच्या सातव्या सर्गात पार्वतीच्या विवाहप्रसंगी तिची माता ओला हरताळ आणि मनशीळ बोटांवर घेऊन मुलीच्या कपाळी विवाहतिलक रेखते. कालिदासाच्या रसिकतेला बाध न आणता हे म्हणता येईल की जगातील दोन आर्सेनिक खनिजे येथे आईच्या बोटांवर आणि नववधूच्या कपाळावर आहेत, आणि कवीच्या मनाला त्यात भयाचा स्पर्शही नाही. रंगाचे नाव ते रंगाचे नाव.

रसशास्त्राकडे पाहिले की चित्र अधिक गुंतागुंतीचे होते. साधारणपणे तेराव्या शतकातील मानल्या जाणाऱ्या 'रसरत्नसमुच्चय' ग्रंथात हरताळ आणि मनशीळ यांची गणना उपरसांत केली आहे, गंधक, गेरू, हिराकस यांच्या पंक्तीला. गौरीपाषाण, म्हणजे सोमल, मात्र साधारण रस या वेगळ्या गणात, नवसागर, कवडी, हिंगूळ यांच्या सोबत बसविला आहे. एकाच द्रव्याची तीन संयुगे दोन गणांत विभागली गेली. पण येथे ग्रंथकारास दोष देण्याची घाई करता कामा नये. गौरीपाषाणाचे सत्त्व हरताळाप्रमाणेच काढावे, असे तोच ग्रंथ सांगतो. भट्टीजवळ बसणाऱ्या रसवैद्याला दोहोंचे नाते माहीत होते. ते नाते बाजारापर्यंत आणि माजघरापर्यंत पोहोचले नाही, कारण ते प्रक्रियेत होते, नावात नव्हते.

हरताळ कच्चा घेऊ नये, शुद्ध करून घ्यावा, याविषयी सर्व ग्रंथांचे एकमत आहे. कोहळ्याच्या रसात, तिळाच्या क्षारोदकात किंवा चुन्याच्या निवळीत दोलायंत्राने त्याचे स्वेदन करावे, मनशिळेसाठी अगस्त्याच्या, म्हणजे आपल्या हदग्याच्या, पानांचा रस, सोमलासाठी कारली. कोकणच्या परसातील ही सारी वनस्पती पाहून हा विधी घरगुती असावा असा समज होतो, आणि तोच घातक आहे. पाणी घालून उकळण्याच्या या क्रियेत हरताळात मिसळलेला विद्राव्य सोमल काही अंशी निघून जात असावा, असा तर्क करता येतो. परंतु पुढे अभ्रकाच्या पत्र्यांत हरताळ ठेवून, माणकासारखा रंग येईतो तापवून जे रसमाणिक्य करतात, तेथे अग्नी चुकला तर काय होते हे वर सांगितलेच आहे. हरताळ, मनशीळ व गौरीपाषाण ही तिन्ही नावे आज औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ई (१) या परिशिष्टात विषारी द्रव्यांच्या यादीत शेजारी शेजारी आली आहेत, आणि ती असलेले औषध वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावे अशी सूचना वेष्टनावर देणे आवश्यक केले आहे. रसरत्नसमुच्चयाने दोन गणांत वाटलेले भाऊ सरकारी परिशिष्टात एकत्र नांदू लागले. २००४ साली अमेरिकेतील बॉस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय औषधांची तपासणी झाली, तीत १४ औषधांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. आयुर्वेदाच्या कैवाऱ्यांनी शुद्धीकरणाचा आणि टीकाकारांनी विषाचा असे दोन वेगळे शब्द घेऊन त्यावर वाद घातला. एकाच वस्तूविषयी दोन कोशांतून बोलल्यावर वाद मिटावा कसा?

सोमलाचा इतिहास याहून काळा आहे. त्याला रंग नाही, वास नाही, चव जवळजवळ नाही. पिठात, साखरेत, दुधात तो ओळखू येत नाही. प्रौढ माणसाचा प्राण घेण्यास शंभर ते दोनशे मिलिग्रॅम, म्हणजे जुन्या मापाने गुंज-दीड गुंज, पुरेसा होतो. लक्षणे वांती आणि पाण्यासारखे जुलाब. ज्या देशात दरसाल पटकीची साथ येई त्या देशात सोमलाने मेलेला माणूस पटकीने गेला असे म्हणणे सोपे होते. एकोणिसाव्या शतकात नॉर्मन शेव्हर्स यांनी बंगालकडे आणि आय. बी. लायन यांनी मुंबईकडे न्यायवैद्यकाचे जे ग्रंथ लिहिले, त्यांत सोमलाला मोठी जागा मिळाली ती यामुळे. लायन हे मुंबई सरकारचे रासायनिक पृथक्करणकार होते आणि त्यांचा ग्रंथ १८८८ साली प्रसिद्ध झाला.

या काळातील सर्वांत गाजलेले मराठी प्रकरण बडोद्याचे होय. ९ नोव्हेंबर १८७४ रोजी सकाळी रेसिडेंट कर्नल फेअर यांनी पपनसाच्या सरबताचे दोनतीन घोट घेतले आणि चव न रुचल्याने उरलेले फेकून दिले. पेल्याच्या तळाशी गाळ दिसला. रेसिडेन्सीचे डॉक्टर सिवर्ड यांनी तो पाहिला आणि मुंबईस डॉ. ग्रे यांच्याकडे पाठविला. गाळात सोमल आणि हिऱ्याची असावी अशी चमकदार पूड निघाली. मल्हारराव गायकवाड यांच्यावर आरोप आला. सर रिचर्ड काउच यांच्या अध्यक्षतेखालील आयोगात तीन इंग्रज आणि तीन एतद्देशीय सभासद होते: ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव. इंग्रज सभासदांनी आरोप शाबीत धरला, एतद्देशीयांनी धरला नाही. तरीही एप्रिल १८७५ मध्ये महाराजांना पदच्युत करण्यात आले. कारण मात्र सामान्य गैरकारभाराचे दिले गेले. प्रकरणाची राजकीय बाजू सर्वश्रुत आहे. आपल्या दृष्टीने लक्षणीय आहे ती एक लहान गोष्ट. महाराजांचे खाजगी चिटणीस दामोदरपंत यांच्या साक्षीच्या ओघात दोन तोळे सोमल घोड्याच्या औषधासाठी म्हणून मागविल्याचा उल्लेख आला. दोन तोळे म्हणजे तेवीस ग्रॅमहून थोडे अधिक. वरच्या हिशेबाने शंभरावर माणसांना पुरेल इतके. आणि तरी ती मागणी वरकरणी संशयास्पद वाटू नये इतका सोमलाचा पशुवैद्यकातील वापर सर्वमान्य होता.

कायद्यानेही भाषेचीच वाट धरली. इंग्लंडात १८५१ साली आर्सेनिकच्या विक्रीवर निर्बंध घालणारा कायदा झाला. किरकोळ विकल्या जाणाऱ्या पांढऱ्या आर्सेनिकात काजळी किंवा नीळ मिसळावी, म्हणजे ते साखरेसारखे दिसणार नाही, अशी तरतूद त्यात होती. त्याच कायद्याच्या व्याख्येत पांढऱ्या व तत्सम संयुगांबरोबर आर्सेनिकच्या इतर सर्व 'रंगहीन' विषारी संयुगांचा समावेश केला होता. रंगहीन हे विशेषण महत्त्वाचे आहे. दिसत नाही ते भयंकर, दिसते ते रंगद्रव्य. विषाला रंग दिला की धोका टळला असे मानणाऱ्या कायद्याला जन्मतःच रंगीत असलेल्या विषाची दखल घेण्याचे कारण उरले नाही. मुंबई इलाख्यात विषविक्रीच्या नियमनाचा कायदा १८६६ साली आला. सबंध देशासाठी १९०४ साली आणि त्याच्या जागी पुन्हा १९१९ साली. यांपैकी शेवटच्या कायद्याचा आधार २०१३ साली अ‍ॅसिडच्या विक्रीला आळा घालण्यासाठीही घेतला गेला. आपल्या भागापुरते एवढे सांगितले पाहिजे की मालवण व वेंगुर्ले ही ब्रिटिश रत्नागिरी जिल्ह्यात होती आणि सावंतवाडी हे संस्थान होते. मुंबई कायदेमंडळाचा अंमल संस्थानच्या सीमेवर आपोआप थांबत असे. चितारी आणि वैद्य ती सीमा रोज ओलांडीत.

चितारी म्हटले की सावंतवाडीचे नाव येतेच. तेथील लाखकाम आणि गंजिफा आज प्रसिद्ध आहेत. चिंचोक्याच्या खळीने चिकटविलेल्या कापडाच्या वर्तुळांवर रंगविलेली १२० पानांची दशावतारी गंजिफा एकोणिसशेसत्तरच्या दशकात शिवरामराजे भोसले व सत्त्वशीलादेवी भोसले यांच्या प्रयत्नाने पुन्हा उजेडात आली. कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजाच्या चित्रकथी परंपरेतील जुन्या पोथ्या आहेत. जुन्या चित्रकाराजवळ पिवळ्यासाठी पर्याय थोडे होते: पिवळी माती, वनस्पतिजन्य पिवळे आणि हरताळ. त्यांतील हरताळाइतका सोनेरी दुसरा नाही. लाखकामात पिवळ्यासाठी लाखेत हरताळ खलण्याची रीत हिंदुस्थानात अनेक ठिकाणी होती. लाखेची कांडी निखाऱ्यावर मऊ करून सांध्यावर फिरत्या लाकडास लावतात. ज्याने हा निखारा फुंकला त्याच्या श्वासात काय गेले असेल याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. आजचे कारागीर तयार रंग वापरतात. परंतु जुनी वस्तू हाती आली असता तिच्यावरचा पिवळा कोणता हे डोळ्यांनी ठरत नाही. जुन्या चित्रातील तांबडी मनशीळ प्रकाशाने स्वतःच पिवळी पडते, त्यामुळे मूळचा पिवळा कोणता आणि झालेला कोणता हेही नजरेस कळत नाही. क्ष-किरणांच्या साहाय्याने, वस्तूस स्पर्श न करता, आर्सेनिकचे अस्तित्व ओळखणारी हातात धरता येतील अशी उपकरणे आता उपलब्ध आहेत. तोपर्यंत पिवळा तो हरताळ असेच धरून चालावे.

येथे प्रमाण सुटू नये. पोथीवरच्या एका पट्ट्याला स्पर्श केल्याने कोणी मरत नाही, आणि वाळून घट्ट बसलेल्या लेपातून फारसे काही त्वचेत शिरतही नाही. प्रश्न आहे तो भुकटीचा आणि सवयीचा. जुना लेप सुटतो, त्याची धूळ पानांच्या घड्यांत साचते. ती नाकातोंडात जाते. संशोधक वर्षानुवर्षे हेच काम करतो. आर्सेनिकचा जुनाट परिणाम पटकीसारखा येत नाही; तो त्वचेवर काळेपांढरे ठिपके, तळहात-तळपाय खरबरीत होणे, नखांवर आडव्या पांढऱ्या रेषा, हातापायांस मुंग्या अशा रूपाने सावकाश येतो. केस आणि नखे यांतील द्रव्यांशी आर्सेनिकचे विशेष सख्य असल्याने तेथे ते साचते. दीर्घ संपर्काने त्वचा, फुप्फुस व मूत्राशय यांचा कर्करोग होतो हे आता निर्विवाद आहे. पिण्याच्या पाण्यात एका लिटरला १० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक आर्सेनिक असू नये ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लक्षात घेतली, म्हणजे हे द्रव्य किती अल्प मात्रेत मोजावे लागते याची कल्पना येईल.

आपल्या विभागातील जे विद्यार्थी येत्या सुटीत पोथ्यांच्या पाहणीस जाणार आहेत त्यांना म्हणून काही गोष्टी स्पष्ट सांगतो. बोटाला थुंकी लावून पान उलटू नये. ही सवय आपल्या आजोबांपासून आली आहे आणि मोडण्यास कठीण आहे, हे मी स्वानुभवाने सांगतो. पिवळ्या पट्ट्याखालील अक्षरे वाचण्याच्या मोहाने तो नखाने किंवा पात्याने खरवडू नये. पाठसंशोधकाला हा मोह अनावर होतो, कारण झाकलेला पाठच पुष्कळदा अधिक जुना असतो. त्यासाठी तिरप्या प्रकाशात छायाचित्र घ्यावे. प्रखर दिव्याखाली पान फार वेळ ठेवू नये. दप्तर उन्हात झटकू नये, आणि झटकावेच लागले तर घरातील मुले आसपास नसावीत. पोथीशेजारी पाण्याचा तांब्या अथवा चहा ठेवू नये, आणि यजमानांनी आग्रहाने पुढे केलेले घावणे हात साबणाने धुतल्यावाचून खाऊ नये. फाटकी, कुजलेली पाने घरोघर चुलीत किंवा होळीत टाकतात. पिवळे पट्टे असलेली पाने जाळू नयेत, असे घरच्या माणसांना समजावून सांगावे. ते समजावताना मात्र हरताळ शब्दावर विसंबू नये. तो शब्द ऐकून कोणी हात मागे घेत नाही. सोमल म्हणावे. मालवणीत सांगायचे तर विख म्हणावे.

हस्तलिखितांच्या वर्णनात्मक सूचीत आपण आकार, पृष्ठसंख्या, ओळी, लिपी, काळ आणि अवस्था यांचे रकाने ठेवतो. हरताळाची नोंद झालीच तर 'दुरुस्त्या' या सदरात, लेखकाच्या काळजीपूर्वकपणाचे लक्षण म्हणून होते. मालवणच्या त्या पोथीची माझी नोंदही तशीच आहे: 'हरताळाने शोधलेली, शुद्ध प्रत.' गेल्या वर्षी ती वही पुन्हा उघडून त्या ओळीपुढे मी 'सोमल' हा शब्द लिहिला. पोथी अजून त्याच घरी आहे. आजी आता नाहीत. डबा मात्र घरच्यांनी काढून टाकला असे कळले.